वसई-नालासोपाऱ्याच्या गावांत भाड्याने घर घ्यायचंय? आधी पाणी पाहा, मग कागद

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. गोरेगावचं घर सोडून तुम्हाला वसई-नालासोपाऱ्याच्या पश्चिम पट्ट्यात, शांत, गावासारख्या जागी भाड्याने राहायचं आहे. एकाची नोकरी अंधेरीला, दुसऱ्याचं काम घरून. सोबत गुडघेदुखीने बेजार सासूबाई आणि यंदा पहिलीत जाणारी मुलगी. दोन घरं पाहून झाली आहेत. एक उमराळ्यात, वाडीतलं कौलारू बैठं घर. भाडं १२ हजार, डिपॉझिट ५० हजार, मालक त्याच आवारात राहतात. दुसरं बोळींजच्या बाजूला, चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके. भाडं ७ हजारच, पण ‘हेवी डिपॉझिट’ अडीच लाख, आणि मालक म्हणतात करार नोटरी करून घेऊ. यातलं कुठलं घ्यावं?

मी या पट्ट्यात बरीच वर्षं भाड्याची घरं दाखवते आणि करारांची कागदपत्रं करते. उत्तर आधीच सांगून टाकते: उमराळ्याचं घर घ्या, पण पाण्याची आणि पावसाची खात्री झाल्यावरच. बोळींजचं घर त्यांनी सांगितलेल्या अटींवर घेऊ नका. का, ते सविस्तर सांगते.

शहरातून येणारी माणसं साधारण रविवारी दुपारी येतात. केळीची वाडी, सोनचाफ्याची झाडं, अंगणात पहुडलेली मांजर बघतात आणि तिथेच मनात घर घेऊन मोकळी होतात. नंतर उरते ती फक्त भाड्याची घासाघीस. पण स्टेशनपासून थोड्या अंतरावर, झाडीत, इतक्या भाड्यात घर मिळतंय म्हणजे काहीतरी कमी असणार हे धरूनच चालायचं. कुठे पाणी कमी, कुठे सांडपाण्याची सोय नाही, कुठे रात्री रिक्षा नाही. नेमकं काय कमी आहे आणि त्यावाचून आपलं चालेल का, हे पाहिलं की निम्मं काम झालं.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण या पट्ट्यात घर सोडून जाणारे निम्म्याहून जास्त लोक पाण्यापायीच जातात असा माझा अंदाज आहे. वसई-विरारला पाणी येतं ते मुख्यतः सूर्या धरणातून, शिवाय उसगाव आणि पेल्हारमधून. सूर्याची नवी प्रादेशिक योजना रोजच्या ४०३ दशलक्ष लिटरची, त्यातला १८५ दशलक्ष लिटरचा वाटा वसई-विरारचा. आकडा कानाला बरा वाटतो, पण जलवाहिनी मुख्य रस्त्यावर आली म्हणजे वाडीच्या शेवटच्या घरात नळ आला असं नाही. एकाच आळीत पहिल्या घराला नळ आणि चौथ्या घराला टँकर, हे इथे नेहमीचं. म्हणून ‘पाणी आहे का?’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येणार. विचारायचं असं: महापालिकेचा नळ या घराच्या नावावर आहे की मालकाच्या घराच्या? किती दिवसाआड येतो, किती वाजता, किती वेळ? खाली टाकी आहे का? पंप कोण चालू करतं आणि त्याची वीज कोणाच्या मीटरवर पडते?

बैठ्या घरांत वापरायचं पाणी बहुतेक विहिरीचं किंवा बोअरचं असतं. पावसाळ्यानंतर, दिवाळीपर्यंत ते छान गोड लागतं. समुद्राच्या बाजूच्या गावांत एप्रिल-मे आला की बऱ्याच विहिरी मचूळ होतात. पूर्वी गावोगावची बावखलं, म्हणजे गोड्या पाण्याची छोटी तळी, भरलेली असायची, पावसाचं पाणी त्यांत साठून जमिनीत मुरायचं आणि विहिरींना गोडवा टिकायचा. बरीच बावखलं भरावाखाली गेली, काही आता गावकरी पुन्हा साफ करतायत. उमराळ्याच्या घराजवळ बावखल किंवा तळं जिवंत आहे का, ते बघून घ्या. मी तरी बघते.

घर पाहायला गेलात की स्वयंपाकघरातला नळ सोडा आणि हात साबणाने धुवा. फेस लवकर होत नसेल तर पाणी जड आहे. मग बाथरूममध्ये गिझरच्या पाइपाचं टोक आणि शॉवरची जाळी बघा. पांढरा, खरखरीत थर दिसला तर गिझरची कॉइल किती टिकेल ते समजा. आणि सगळ्यात खात्रीचा प्रश्न शेजारच्या बाईंना विचारायचा: ‘विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते का हो?’ जड पाण्यात तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी कणीदार राहते, त्यामुळे इथल्या बायकांना याचं उत्तर तोंडपाठ असतं. ‘आम्ही डाळीला नळाचंच वापरतो’ असं म्हणाल्या की विहिरीचं पाणी फक्त धुण्याभांड्यापुरतं धरा आणि पिण्या-रांधण्यासाठी रोज नळाचं किती भरावं लागेल याचा हिशोब करा. सासूबाईंना हंडे उचलायला लागता कामा नयेत.

पाण्याचाच जोडप्रश्न म्हणजे सेप्टिक टँक. गावांत भुयारी गटार नसतं, प्रत्येक घराची नाहीतर दोन घरांची मिळून एक टाकी असते. ती विहिरीपासून किती लांब आहे ते डोळ्यांनी बघा. विहिरीला चिकटून असेल तर ते पाणी पिण्याचा विचारही सोडा. टाकी भरली की उपसायला गाडी बोलवावी लागते. ती वाडीच्या वाटेने आत येते का, आणि पैसे कोणी द्यायचे? हा प्रश्न विचारायला लोकांना लाज वाटते. मग गणपतीत पाहुणे आले असताना टाकी तुंबते.

आता पाऊस. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरलं तेव्हा लोकल बंद पडल्या, वीज गेली आणि मिठागरातली वस्ती अक्षरशः पाण्याने वेढली गेली. तेव्हापासून घर दाखवताना मी आधी भिंतीकडे बघते. नवीन रंग फक्त खालच्या दोन-तीन फुटांना दिलेला असेल तर का, ते विचारायचं. वॉशिंग मशीन विटांवर चढवलेली आहे का? फ्रिजखाली लाकडी पाट आहे का? प्लगचे बोर्ड कमरेच्या वर आहेत का? विजेचं मीटर मुद्दाम उंच नेलंय का? घरमालक ‘पाणी कधीच भरत नाही’ असं सांगत असतात, पण घरातल्या वस्तू खोटं बोलत नाहीत. बोळींजच्या इमारतीत तुमचं घर दुसऱ्या मजल्यावर असलं तरी पंपाची मोटर आणि मीटरची खोली तळमजल्यावरच असणार. ती बुडाली की दुसऱ्या मजल्यालाही पाणी नाही, वीज नाही.

उमराळ्याच्या घराचं कौल हा वेगळा विषय. कौलारू घर उन्हाळ्यात थंड, दिसायला देखणं, आणि दरवर्षी मे महिन्यात शाकारणी, म्हणजे कौलांची डागडुजी, मागणारं. माकडं, मांजरं आणि पडणारे नारळ कौलं फोडतात. एक फुटकं कौल राहिलं की पावसात नेमकं गादीवर ठिबकतं. शाकारणी कोणी करायची, कधीपर्यंत आणि कोणाच्या पैशाने, हे करारात लिहून घ्या: ‘दरवर्षी ३१ मेपूर्वी मालक स्वखर्चाने शाकारणी करून देतील.’ एवढं एक वाक्य पुरतं. मुंबईहून आलेले वकील करारात दहा कलमं घालतात, त्यात हे वाक्य नसतं.

तुम्ही ‘शांत’ हा शब्द तीनदा लिहिला आहे, म्हणून त्याबद्दल स्पष्ट बोलते. गावातली शांतता वाराप्रमाणे बदलते. वाघोलीला शनीचं मंदिर आहे, शनिवारी त्या रस्त्याला गर्दी असते. निर्मळची यात्रा कार्तिकात भरते, तेव्हा त्या भागातली वाहतूक विसरायची. राजोडी, कळंब, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवार मुंबईची गर्दी, रिसॉर्ट, स्पीकर. किनाऱ्याच्या रस्त्यावरचं घर बुधवारी पाहून घेतलेल्यांना पहिल्याच रविवारी धक्का बसतो. लग्नसराईत बँड, मांडव आणि रात्री डीजे असतोच, आणि इथे ख्रिस्ती, हिंदू दोन्हीकडची लग्नं गावभर साजरी होतात. चर्चची घंटा, देवळातली आरती, पहाटेचा कोंबडा ही तर गावची घड्याळं. शिवाय फुलांची वाडी असेल तर तोडणीला माणसं पहाटे अंधारात येतात, कारण फुलं सकाळच्या गाडीने दादरला पोहोचायला हवीत. टॉर्च, बोलणं, कुत्र्यांचं भुंकणं. घरून काम करणाऱ्याला रात्री उशिरापर्यंत मीटिंग असतील तर ही पहाट जड जाते. म्हणून घर तीनदा बघा: एकदा कामाच्या दिवशी रात्री नऊनंतर, एकदा रविवारी संध्याकाळी, एकदा पहाटे. पहाटे जाणं जमत नसेल तर निदान मालकांना विचारा, फुलं कोण तोडतं आणि कधी.

कोळीवाड्याजवळचं घर पाहणाऱ्यांसाठी जाता जाता: अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव इथे सुक्या मासळीचा वास ऋतूनुसार असतो. ते त्यांचं पोट आहे. वास चालत नसेल तर तिथे घर घेऊ नका, घेऊन मग तक्रार करू नका.

अंधेरीच्या प्रवासाचं गणित नकाशावर सोपं दिसतं. उमराळे, निर्मळ, वाघोली, गास या गावांना जवळचं स्टेशन नालासोपारा. आगाशी, अर्नाळा, नंदाखाल, बोळींजला विरार. गिरीज, सांडोर, पापडी, भुईगावला वसई रोड. म्हणजे तुमची दोन घरं शेजारशेजारच्या गावांत असली तरी स्टेशनं वेगळी आहेत, आणि सकाळी याने फार फरक पडतो. विरारला गाडी सुटते, म्हणून बसायला मिळण्याची आशा असते. नालासोपाऱ्याला येईपर्यंत ती भरलेली असते. कित्येक जण नालासोपाऱ्याहून आधी विरारला ‘डाऊन’ जातात आणि त्याच गाडीत बसून परत येतात. त्यात वेळ जातो, पण अंधेरीपर्यंत पाठ वाचते. हे तुमच्या नोकरदार माणसाने आठवडाभर करून बघावं, मग ठरवावं. गोरेगावहून एक दिवस विरारला येऊन सकाळी पावणेआठची गर्दी अनुभवणं काही अवघड नाही.

लोकलपेक्षा नडते ती रात्रीची रिक्षा. दिवसा शेअर रिक्षा मिळतात, परिवहनच्या बस आहेत. रात्री दहानंतर शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर स्पेशल करावी लागते, आणि आतल्या वाडीत यायला काही जण नाहीच म्हणतात. स्टेशनवर दुचाकी ठेवायची सोय धरा आणि तो खर्च भाड्यात मिळवा. रस्त्याने मुंबई गाठायची तर महामार्गाला लागून वसईच्या खाडीवरच्या वर्सोवा पुलावरूनच जावं लागतं (हे अंधेरीचं वर्सोवा नव्हे). २०२४ च्या फेब्रुवारीत वसई ते भाईंदर रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, सुरू झाली, त्याने किल्ल्याच्या बाजूच्या लोकांना सोय झाली, पण उमराळ्याहून तिचा रोजचा उपयोग नाही.

घरून काम करणाऱ्याने दोन गोष्टी स्वतः तपासाव्यात. जुन्या घरांच्या भिंती जाड असतात, म्हणून मोबाइलला रेंज अंगणात नाही, आतल्या खोलीत उभं राहून बघायची. आणि फायबर त्या आळीत आहे का, ते कंपनीच्या साइटवर नाही, शेजाऱ्याच्या घरातल्या राउटरवर कळतं. वीज महावितरणची. पावसाळ्यात झाडाची फांदी तारेवर पडली की दोन-चार तास गेलेच, म्हणून इन्व्हर्टरचे पैसे बाजूला ठेवा.

विजेच्या मीटरवरून इथे सगळ्यात जास्त कुरबुरी होतात. वाडीतल्या घरात पुष्कळदा मालकाचं आणि भाडेकरूचं एकच मीटर असतं, भाडेकरूला सबमीटर लावून ‘युनिटमागे इतके’ असं ठरवतात. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी चढतात: पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० महाग, पुढे आणखी महाग. दोन कुटुंबांची युनिटं एकाच मीटरवर मोजली की दोघेही वरच्या टप्प्यात जातात आणि स्वस्त टप्प्याचा फायदा एकदाच मिळतो. वेगळं मीटर असलेलं घर पाचशे रुपये जास्त भाड्याचं असलं तरी घ्यावं. नसेल तर मूळ बिल दरमहा दाखवण्याची अट घाला आणि राहायला जायच्या दिवशी सबमीटरचा फोटो काढून मालकांना पाठवा.

उमराळ्याच्या घराची दुसरी बाजू म्हणजे मालक शेजारीच. याला घाबरू नका, पण समजून घ्या. तुम्ही घर बघायला गेलात तेव्हा त्यांनी तुमचं गाव कुठलं, सासर-माहेर कुठलं, कोण काय करतं, हे सगळं विचारलं असणार. तीच त्यांची मुलाखत. सहा महिन्यांत घरमालकीण आंटी तुमच्या मुलीला शाळेतून आणतील, सणाला पोळे किंवा वडे ताटात घालून पाठवतील, सासूबाईंना दुपारी गप्पांना हक्काचं माणूस मिळेल. फ्लॅटमध्ये हे मिळत नाही. त्याच आंटी तुमच्या घरी कोण आलं, किती वाजता गेलं, हेही बघतील आणि एखाद्या दिवशी दार न वाजवता स्वयंपाकघरात येतील. काही कुटुंबांना हे घरपण वाटतं, काहींचा जीव घुसमटतो. तुम्ही दोघांनी आपसात बोलून ठरवा. ‘नंतर सांगू त्यांना’ असं म्हणून नंतर कोणी सांगत नाही.

आणि जिव्हाळा आहे म्हणूनच काही गोष्टी आधी, हसतखेळत, पण स्पष्ट बोलून घ्यायच्या. आवारातले आंबे, नारळ, शेवग्याच्या शेंगा कोणाच्या? सोनचाफ्याची फुलं पूजेला तोडलेली चालतात का? (वाडी विक्रीची असेल तर एकेक फूल मोजलेलं असतं.) गाडी कुठे लावायची? मांसाहार, मासे, कुत्रा पाळणं? पाहुणे किती दिवस राहिलेले चालतील? साप निघाला तर बोलवायचं कोणाला? शेवटचा प्रश्न थट्टेचा नाही. वाडी म्हटली की धामण दिसणार, क्वचित नाग किंवा घोणसही. सर्पमित्राचा नंबर गावात सगळ्यांकडे असतो, तो पहिल्याच दिवशी फोनमध्ये घाला, दाराखालची फट बुजवा आणि लाकडाचा ढीग भिंतीपासून लांब करा.

आता कागद. गावात अजूनही ‘अकरा महिन्यांचा करार असेल तर रजिस्टर करायची गरज नाही, नोटरी चालते’ असं सर्रास सांगतात. महाराष्ट्रात ते चुकीचं आहे. वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, हा केंद्राच्या नोंदणी कायद्यातला नियम. आपल्याकडे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू होतो आणि त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार कितीही मुदतीचा असो, लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदणीकृत करार नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. मालकांना हे समजावून सांगितलं की ते स्वतःच नोंदणीला तयार होतात. उलट बाजूही माहीत असू द्या: नोंदणीकृत कराराची मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर कलम २४ खाली दुप्पट भाड्याने भरपाई द्यावी लागते.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क पाव टक्का, तेही मुदतीतलं एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर. उमराळ्याच्या घराचं बघू: १२ हजार गुणिले ११ म्हणजे १ लाख ३२ हजार. ५० हजारांवर अकरा महिन्यांचं व्याज साधारण ४,६००. बेरजेचा पाव टक्का म्हणजे साडेतीनशेच्या आसपास. वर महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार आणि कागद करणाऱ्याचं मानधन. सगळं ऑनलाइन होतं, आधारचा अंगठा घरी येऊन घेतात. यात दोघांनी निम्मं निम्मं करायचा रिवाज आहे. दलालाची दलाली बहुधा एका महिन्याच्या भाड्याइतकी, ती आधीच विचारून घ्या. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं मालकाचं काम. आपला भाग २०२० पासून मीरा-भाईंदर वसई-विरार आयुक्तालयात येतो, माहिती ऑनलाइन भरता येते. करा म्हणून मागे लागा, पुढे पासपोर्टच्या वेळी उपयोगी पडते.

घर नक्की कोणाचं आहे, हे गावात फार महत्त्वाचं. घर वडिलोपार्जित, नावावर तीन भाऊ, त्यातला एक आखातात, एक कॅनडात, आणि भाडं घेतोय तिसरा, असं इथे घरोघरी आहे. घरपट्टीची पावती आणि विजेचं बिल मागा, त्यावरची नावं जुळतात का बघा. सही करणारा एकटा मालक नसेल तर बाकीच्यांचं संमतिपत्र किंवा मुखत्यारपत्र करारासोबत जोडा. आणि भाडं घेणारा मालक परदेशात राहणारा अनिवासी असेल, तर भाडं कितीही कमी असलं तरी करकपात करून भरण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते, आणि तो दर साधारण ३१ टक्क्यांवर जातो. मालकाने आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आणलं तर गोष्ट वेगळी. अंधेरीची कंपनी घरभाडेभत्ता देत असेल तर वर्षाला एक लाखावर भाडं असल्याने मालकाचा पॅन लागेल. पॅन द्यायला गावातले मालक खळखळ करतात, म्हणून टोकन देण्याआधी मागा.

राहिलं बोळींजचं घर. ‘हेवी डिपॉझिट’चा हिशोब असा: अडीच लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर महिना साधारण १,४५० रुपये व्याज आलं असतं. म्हणजे ७ हजारांचं घर खरं पडतं साडेआठ हजारांना. उमराळ्यापेक्षा साडेतीन हजारांनी स्वस्तच, मान्य. पण त्या साडेतीन हजारांसाठी तुम्ही अडीच लाख अशा माणसाच्या हातात देताय जो नोंदणी टाळतोय. हेवी डिपॉझिट घेणाऱ्या मालकाला बहुधा पैशांची नड असते, कर्ज फेडायचं असतं किंवा दुसरीकडे गुंतवायचे असतात. तुम्ही घर सोडाल त्या दिवशी ते पैसे त्याच्याकडे नसतात. ‘पुढचा भाडेकरू आला की देतो’ हे उत्तर ठरलेलं.

त्याहून मोठा प्रश्न इमारतीचा. वसई-विरारमध्ये अनधिकृत इमारतींची गोष्ट नवी नाही. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने जमीनदोस्त झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला चार मजली अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा जीव गेला. तेव्हा मालकांना ‘भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) दाखवा’ असं सरळ म्हणा. घरपट्टीची पावती दाखवतील. ती पुरावा नाही, अनधिकृत बांधकामालाही महापालिका कर लावते. इमारतीचं नाव, सर्व्हे नंबर घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात चौकशी करता येते. बाहेरून पिलरला भेगा, बाल्कनीच्या स्लॅबखाली उघड्या पडलेल्या गंजक्या सळ्या, वरच्या मजल्याचं बांधकाम खालच्याहून वेगळं दिसणं, यातलं काहीही दिसलं तर पुढे चौकशीही नको. सोसायटी स्थापन झालेली असेल तर चांगलंच. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे बिगर-रहिवासी शुल्क घेते, ते ती मालकाकडून सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. हे शुल्क तुमच्या भाड्यावर लादू देऊ नका.

शिवाय सासूबाईंचे गुडघे. चार मजली इमारतीत लिफ्ट असण्याची शक्यता कमी. दोन मजले चढ-उतार त्यांना घरातच कोंडून टाकतील. बैठ्या घरात त्या निदान अंगणात येतील. तिथल्या उंबऱ्याची आणि बाथरूमच्या पायरीची उंची मात्र बघा. जुन्या घरांत संडास-बाथरूम पडवीच्या टोकाला, कधी बाहेर असतं, आणि पावसात रात्री तिथवर जाणं त्यांच्यासाठी धोक्याचं. मालकांना पडवीत एक दांडा आणि दिवा लावून द्यायला सांगा, नाही म्हणणार नाहीत.

तेव्हा उमराळ्याच्या मालकांना टोकन देण्याआधी एवढं करा. या आठवड्यात संध्याकाळी जाऊन शेजारच्या दोन घरांत पाण्याची आणि पावसाची विचारपूस करा. मीटर वेगळं आहे का, ते बघा. शाकारणी, सेप्टिक टँक, पंपाची वीज आणि आवारातली फळं, हे चार मुद्दे एका कागदावर लिहून मालकांसमोर ठेवा आणि करारात घाला. करार अकरा महिन्यांऐवजी सरळ २२ किंवा ३३ महिन्यांचा करायला सांगा आणि वाढ किती ते आत्ताच लिहा. मुलीची शाळा दरवर्षी बदलावी लागणार नाही. दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस, लॉक-इन, म्हणजे घर सोडता येणार नाही असा काळ, सहा महिन्यांपेक्षा जास्त नको. भाडं १२ हजार मागतायत, वेगळं मीटर नसेल तर साडेअकरा म्हणा. डिपॉझिट ५० हजार ठीक आहे, पण बँकेतूनच द्या, रोख नको, आणि परतीची मुदत चावी परत दिल्या दिवशीची लिहा.

पाण्याचं उत्तर समाधानकारक आलं नाही, तर हे घर सोडून द्या. त्याच पट्ट्यात नंदाखाल, मर्देसच्या आळ्यांमध्येही बैठी घरं निघतात, फक्त ती वेबसाइटवर नसतात. तिथल्या किराणा दुकानदाराला आणि चर्चबाहेर रविवारी भेटणाऱ्यांना विचारावं लागतं.